शीड उतरवण्याचा इतिहास

10 ऑगस्ट 1628. स्टॉकहोमच्या बंदरावर गर्दी जमली होती. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याने बांधून घेतलेलं ‘वासा’ हे लढाऊ जहाज पहिल्या सफरीला निघालं होतं. 64 तोफा, दहा शिडं. वारा जेमतेमच होता, म्हणून दहापैकी चारच शिडं उघडली होती. एक झुळूक आली, जहाज कललं आणि सावरलं. दुसरी आली, जहाज पुन्हा कललं, आणि या वेळी तोफांसाठी ठेवलेल्या खालच्या खिडक्यांमधून पाणी आत शिरलं. सुमारे 1300 मीटर अंतर कापून ‘वासा’ लोकांच्या डोळ्यांदेखत तळाला गेलं. तीसेक माणसं गेली.

निघण्याआधी बंदरातच जहाजाची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या काठाकडून त्या काठाकडे एकत्र पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवावी लागली. चाचणी थांबली, पण जहाज निघायचं ते निघालंच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टेस्ट फेल झाली म्हणून टेस्टच बंद करायची आणि रिलीज मात्र ठरल्या तारखेला, हा प्रकार आमच्याकडे कुणालाच नवा वाटणार नाही.

‘वासा’ बुडालं त्यानंतर सुमारे दीड वर्षाने शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे त्यांनी आणि त्यांच्यानंतर आंग्र्यांनी कोकणात जे आरमार उभं केलं, त्याची गलबतं ‘वासा’च्या तुलनेत खेळण्यासारखी दिसली असती. पण वाऱ्याचा जोर आणि बोटीची ताकद यांचं गणित कोकणच्या माणसाला स्टॉकहोमच्या राजापेक्षा बरं कळत होतं, असं माझं मत आहे. त्या गणिताचा इतिहास, निदान त्यातले आपल्या किनाऱ्याशी जोडलेले काही दुवे, मला इथे सांगायचे आहेत.

आधी माझी बाजू मांडतो, कारण हे सांगणारा माणूस समुद्राजवळचा नाही. मी दरेकसाचा. गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका. रेल्वेने पुढचं स्टेशन बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड. आमच्याकडे हाजरा फॉल आहे, कचारगडची गुहा आहे, जंगल आहे, आणि जिल्हाभर मामा तलाव आहेत. म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांवर ढिवर लोक डोंगा चालवतात, पण डोंग्याला शीड नसतं. सगळ्यात जवळचा समुद्र आंध्रच्या किनाऱ्याचा, सरळ रेषेत चारशे-पाचशे किलोमीटरवर. मुंबई रेल्वेने हजारेक किलोमीटर. इंजिनिअरिंग झालं, नोकरी मुंबईला लागली, आणि शनिवार-रविवारच्या एका कोर्समध्ये मी छोटी शिडाची बोट चालवायला शिकलो. लागलेला नाद मग पुस्तकांकडे घेऊन गेला.

कोर्सच्या दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलेली गोष्ट गणितातली होती, त्यामुळे ती डोक्यात पक्की बसली. शिडावर पडणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दीडपट झाला की जोर सव्वादोनपट. दहा नॉटचा वारा वीस नॉट झाला (म्हणजे ताशी साधारण 18 किलोमीटरचा 37) की जोर चौपट. बोट मात्र तीच असते. तिला सरळ उभं ठेवणारं वजन तेवढंच, माणसं तेवढीच. वारा वाढताना अंगाला फरक थोडा जाणवतो, शिडाला मात्र खूप. फसगत होते ती इथेच.

जोर जास्त झाला की बोट काय करते? आधी कलते. खालची कड पाण्याला टेकते. मग सुकाणू जड होतं, कारण बोटीचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला बघतं आणि तुम्ही ते सुकाणूने ओढून धरत असता. आणखी कलली की सुकाणूचं पातंच पाण्याबाहेर यायला लागतं आणि बोट तुमचं ऐकेनाशी होते. हे सगळं चालू असताना वाटतं की आपण काय सुसाट चाललोय! फेस उडतोय, दोर करकरतायत, कपडे चिंब. प्रत्यक्षात बोट मंदावलेली असते. बराचसा जोर तिला पुढे न्यायच्या ऐवजी आडवं पाडण्यात खर्च होत असतो. अशा वेळी शीड लहान केलं तर बोट उभी राहते आणि पुष्कळदा आधीपेक्षा जोरात पळते. माझा यावर पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. सरांनी करून दाखवलं तेव्हा बसला.

उपाय पायरीपायरीने आहेत. आधी शिडाचा दोर सैल सोडायचा, म्हणजे वारा शिडातून निसटतो. मग शीड ताणून सपाट करायचं, कारण फुगलेलं शीड जास्त जोर पकडतं. तेवढ्याने भागलं नाही तर रीफ. म्हणजे मोठं शीड डोलकाठीवरून थोडं खाली घ्यायचं आणि सुटलेला भाग खालच्या आडव्या काठीला बांधून टाकायचा. पुढचं मोठं शीड काढून छोटं लावायचं. आमच्याकडचा माणूस याला लोडशेडिंग म्हणेल आणि ते बरोबरच आहे. सगळा फिडर उडण्यापेक्षा चार गावं दोन तास अंधारात बरी.

हे रीफचं तंत्र युरोपच्या शिडांना सोपं. कोकणची शिडं वेगळी होती. मचवा घ्या किंवा गलबत घ्या, डोलकाठीवर एक लांब तिरकी काठी आणि तिला बांधलेलं तिकोनी-चौकोनी मोठं शीड. अरबी समुद्रात सगळीकडे याच जातीचं शीड चालायचं. वाऱ्याच्या जवळ जवळ जायला ते उत्तम, पण चालू बोटीत त्याचा थोडासा भाग गुंडाळून ठेवणं अवघड. म्हणून मोठ्या बोटी लहान आकाराचं दुसरं शीड सोबत ठेवत. वारा चढला की अख्खी काठी खाली घ्यायची, मोठं शीड सोडायचं, लहान बांधायचं, काठी पुन्हा वर. विचार करा, हलत्या बोटीवर, दहा-बारा माणसांनी, ओल्या दोरांनी. हे काम वारा अंगावर आल्यावर करता येत नाही. आभाळ बघून आधीच करावं लागतं.

त्यामुळे कोकणात या गणिताचं उत्तर शिडापेक्षा इतर गोष्टींत जास्त दिसतं. गुराबेचंच बघा. गुराब म्हणजे मराठा आरमाराचं दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. उथळ, रुंद, आणि पुढे नाकाकडे निमुळतं. रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकाराने तिचं वर्णन करून ठेवलंय. समोरून लाटा आल्या की निमुळत्या नाकामुळे गुराब फार वरखाली व्हायची. त्यावर कारागिरांनी काय केलं? नाकावरच्या डेकला कठडाच ठेवला नाही. आलेली लाट डेकवर आपटायची आणि दोन्ही बाजूंनी निघून जायची. पाणी अडवायचं नाही, वाट द्यायची. शिडाचा दोर सैल सोडण्यात आणि यात मला तत्त्व एकच दिसतं.

दुसरा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ. त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असं अमात्य सांगतात. वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी अवाढव्य जहाजं बांधूच नयेत, असंही सांगतात. आणि वारा साथ देत नसेल, शत्रू जबर असेल, तर जहाजं आणि माणसं पणाला न लावता आपल्या किल्ल्याच्या आसऱ्याला यावं. पावसाळ्यात आरमार छावणीला बंदरात आणायचं, हेही तिथे आहे. शाळेत आरमार म्हणजे फक्त शौर्य शिकवतात. आज्ञापत्रातलं हे प्रकरण वाचलं तर ते बरंचसं माघार कधी घ्यावी याचं मॅन्युअल आहे.

त्यांच्या लढाईची पद्धतही यातूनच आलेली. वल्ह्यांची गलबतं जड गुराबांना ओढून न्यायची, म्हणजे वारा पडला की युरोपियन जहाज जागेवर अडकतं आणि आपण मात्र हलू शकतो. डिसेंबर 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने ‘डर्बी’ हे कंपनीचं मोठं व्यापारी जहाज पकडलं. डिसेंबर म्हणजे आपल्या किनाऱ्यावर शांत समुद्राचा महिना. सोसाट्याचा वारा मोठ्या जहाजांचा, मंद वारा आपला, हा हिशोब त्यामागे होता.

आणि सगळ्यात मोठं रीफ म्हणजे कॅलेंडर. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही. बोट वर ओढून शाकारून ठेवायची. आपल्याला हा सण वाटतो, आणि तो आहेच, पण तो वाऱ्याच्या वेगमर्यादेचा नियमही आहे. ज्या वाऱ्यात आपलं शीड टिकणार नाही त्या वाऱ्यात शीडच न्यायचं नाही.

इथे मला बाबांची आठवण येते. ते रेल्वेत, मालगाडीवर. आमच्याकडे डोंगरगड ते दरेकसा हा घाटाचा टप्पा आहे, बोगदा आहे. लहानपणी मी विचारायचो, उतारावर एवढी मोठी गाडी थांबते कशी? ते म्हणायचे, “उतारावर थांबवत नसतात रे बाबू. उतार लागायच्या आधी तिला हातात घ्यावी लागते. एकदा वजनानं धरलं मंग ब्रेक तुझा नाही, तिचाच.” बाबांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिलाय, जुहूला, माझ्यासोबत. पण शिडाची बोट चालवणाऱ्यांत जगभर सांगितला जाणारा नियम हाच आहे: रीफ घ्यावं का असा विचार पहिल्यांदा मनात आला, तीच रीफ घ्यायची वेळ.

आता थेट विसाव्या शतकात येऊ, कारण या गोष्टीचा पुढचा दुवा मुंबईतच आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होता. मुंबई आणि इराणी आखात अशा फेऱ्या करायचा. 1963 मध्ये त्याने कुलाब्याला आपली बोट बांधायला घेतली. 32 फूट, सागवानी, मुंबईच्या सुतारांनी वाकस-पटाशीसारख्या हाताच्या हत्यारांनी घडवलेली. नाव ठेवलं ‘सुहैली’, आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याचं अरबी नाव. तीच बोट घेऊन तो 14 जून 1968 ला इंग्लंडहून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला परतला. असं करणारा जगातला पहिला माणूस. त्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली एकट्या सुहैलीने.

सुहैली मंद होती. जड, आखूड, गोल पोटाची. दक्षिण महासागरात, जिथे वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, तिथे सप्टेंबर 1968 मध्ये लाटेने तिला आडवं केलं. त्यानंतर नॉक्स-जॉन्स्टनने एक युक्ती पक्की केली. शिडं जवळजवळ सगळी उतरवायची आणि बोटीच्या मागून शेकडो फूट लांब जाड दोर पाण्यात सोडून द्यायचा. दोर ओढत राहतो, बोटीचा वेग कमी ठेवतो, आणि तिची पाठ लाटेकडे सरळ राहते. शीड कमी करूनही वेग जास्त वाटला तर उलटा ब्रेक लावायचा, असं हे.

पण त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच माणूसही होता, आणि त्याचा अनुभव बरोबर उलटा होता. काही वर्षांपूर्वी पॅसिफिकच्या दक्षिणेला वादळात त्यानेही असेच दोर मागे सोडले होते. त्याच्या लक्षात आलं की दोरांनी बांधलेली बोट लाटेसमोर उभ्या जनावरासारखी मार खातेय. त्याला आठवला अर्जेंटिनाचा व्हितो दुमास, ज्याने 1942-43 मध्ये त्याच समुद्रांतून एकट्याने फेरी मारली होती आणि वादळातही बोट पळती ठेवली होती. म्वातेसिएने सुरी काढली आणि दोर कापून टाकले. बोट मोकळी झाली. मग तो प्रत्येक लाट थोडी तिरकी अंगावर घेत, सुकाणू हातात धरून पळत राहिला.

बरोबर कोण? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला वाटतं मिटूही नये. म्वातेसिएची ‘जोशुआ’ लांब, पोलादी आणि चपळ होती. सुहैली तशी नव्हती. म्वातेसिएच्या पद्धतीला सुकाणूवर सतत माणूस लागतो, आणि एकट्या माणसाला कधीतरी झोपावं लागतं. माझा कल सुहैलीकडे आहे. दमलेल्या माणसाच्या हातून चालेल अशी पद्धत मला जास्त खरी वाटते. रात्री तीन वाजता सर्व्हर पडल्यावर ज्याला फोन येतो त्याला हे पटेल.

नंतर चक्र फिरून पुन्हा भारतात आलं. आपल्या सैन्यदलाच्या इंजिनिअर्सनी ‘तृष्णा’ बोटीतून 1985 ते 1987 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, पण ती तुकडीने. एकट्या भारतीयाने ती करावी हा ध्यास होता व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. 1971 च्या युद्धातले वीरचक्रधारी, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे. समुद्रापासून चांगले लांब, हे मला आवडतं. त्यांच्या हाकेला 2006 मध्ये ओ दिली कमांडर दिलीप दोंदे यांनी, नौदलातले पाणबुडे अधिकारी. शिकायला दोंदे गेले ते इंग्लंडला, नॉक्स-जॉन्स्टनकडेच. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी. त्यांच्या यार्डात आधी अशी महासागरी शिडाची बोट कधी बनली नव्हती. डिझाइन डच, 56 फूट, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास. नाव ‘म्हादेई’.

म्हादेईची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच. आठ मजली इमारत धरा. त्यावरचं शीड एका माणसाने सांभाळायचं. बारा माणसांची बोट असती तर वारा चढल्यावर हाक मारता येते. एकटा माणूस झोपायला जाण्याआधी ठरवतो की पुढचे दोन तास वारा किती वाढू शकेल, आणि आत्ताच्या वाऱ्यासाठी शीड न ठेवता त्या वाढलेल्या वाऱ्यासाठी ठेवतो. म्हणजे थोडा वेग हातचा सोडतो. रोज, महिनोन्महिने. एकट्याच्या सफरीचं बहुतेक कौशल्य या सोडण्यात आहे. फोटोत ते दिसत नाही.

19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा 5 ऑगस्टला होती, म्हणजे नारळ पडून दोनच आठवडे झाले होते आणि समुद्र अजून पुरता शांत नव्हता. इतक्या लवकर निघायचं कारण हजारो मैल दूर होतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-फेब्रुवारीत ओलांडायचं, तर इथला पावसाळा थोडा अंगावर घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन एवढे थांबे घेत ते मे 2010 मध्ये मुंबईला पोचले, पुढचा पावसाळा लागायच्या आत. कोळ्यांचं कॅलेंडर आणि पृथ्वीप्रदक्षिणेचं कॅलेंडर शेवटी एकाच कामासाठी आहे.

त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि 31 मार्च 2013 ला परतले. न थांबता, एकटे. असं करणारे पहिले भारतीय.

2018 मध्ये सुहैलीच्या विक्रमाची पन्नाशी म्हणून गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली. नियम असा की बोटी जुन्या पद्धतीच्या, उपकरणंही 1968 सालचीच. टॉमींसाठी दांडेकरांनी गोव्यात सुहैलीची प्रतिकृती बांधली, ‘तुरिया’. कुलाब्याच्या सुतारांची बोट अर्धशतकाने दिवाडीला पुन्हा जन्माला आली.

21 सप्टेंबर 2018 ला दक्षिण हिंदी महासागरात तिला वादळाने गाठलं. वारा 70 नॉटच्या आसपास, लाटा 14 मीटरच्या. या आकड्यांवर आधी सांगितलेलं गणित लावून बघा. दहा नॉटच्या तुलनेत जोर 49 पट. इथे शीड किती ठेवायचं हा प्रश्नच संपतो. नुसती उघडी डोलकाठी, तिला धरणारे तारांचे दोर आणि बोटीचं अंग, हेच शीड होऊन बसतं आणि ते काही उतरवता येत नाही. तुरिया उलटली, डोलकाठी गेली, टॉमींच्या पाठीचे मणके मोडले. ते हलूही शकत नव्हते. तीन दिवसांनी ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढलं, आणि पुढे ॲमस्टरडॅम बेटावरून आयएनएस सातपुडा त्यांना घेऊन आली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या बोटीचीही डोलकाठी मोडली, तरी तो तुरियाच्या दिशेने निघाला होता. त्याच शर्यतीतल्या हॉलंडच्या मार्क स्लाट्सची बोटही आडवी झाली, पण डोलकाठी टिकली आणि तो पुढे दुसरा आला.

हे वाचताना माझ्यातला इंजिनिअर अस्वस्थ होतो. आपल्याला सवय असते की सिस्टिम पडली तर कुठेतरी कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. पोस्टमॉर्टेम लिहायचं, मूळ कारण शोधायचं. इथे ते पुरत नाही. ‘वासा’चं मूळ कारण सापडतं, चाचणीतच सापडलं होतं. तुरियाचं उत्तर असं की त्या दिवशी समुद्रातली ती जागा लहान बोटीची नव्हती. म्हणूनच कदाचित अमात्यांनी शिडांपेक्षा बंदरांवर जास्त लिहिलं.

आवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंचुर्णीला गेले, तुरियाच्या बातमीनंतर जेमतेम दीड महिन्याने.

टॉमींच्या मणक्यांत धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्यांना पुन्हा चालायला शिकावं लागलं. 4 सप्टेंबर 2022 ला ते फ्रान्सच्या ल साब्ल दॉलॉनहून पुन्हा त्याच शर्यतीला निघाले, या वेळी ‘बायानात’ नावाच्या बोटीतून. निघालेले सोळा, मुख्य गटात शेवटपर्यंत पोचलेले तीन. पहिली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर. 29 एप्रिल 2023 ला टॉमी दुसरे आले, 236 दिवसांनी. दोन दिवसांनी मी दरेकसाला घरी होतो, बाबांना फोनवर बोटीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हे मोठ्ठं फडकं एकटा माणूस खाली कसं घेते?” मग मी त्यांना दोर कुठून कुठे जातो ते कागदावर काढून दाखवायला लागलो.